जखमेचा फोटो मीच पाठवला होता, मग संमती दिली असं होतं का?

प्रश्न : माझ्या स्तनातली गाठ शस्त्रक्रिया करून काढली. टाके भरत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "रोज हेलपाटे घालू नका, दवाखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर जखमेचे फोटो पाठवत जा." मी बरेच फोटो आणि एक व्हिडिओ पाठवला. दोन महिन्यांनी त्यातलेच दोन फोटो दवाखान्याच्या इन्स्टाग्रामवर 'आधी' आणि 'नंतर' म्हणून आले. चेहरा नाही, पण खांद्यावरचा भाजल्याचा डाग आणि मागची चादर बघून नणंदेने मला ओळखलं. ती चादर तिनेच दिलेली. डॉक्टर म्हणतात, "चेहरा कुठे दिसतोय? फोटो तुम्हीच पाठवलेत आणि पोस्ट रिसेप्शनिस्टने टाकलीय." मला सगळं चॅट पुसून टाकावंसं वाटतंय. तक्रार करता येईल का? पुढच्या तपासण्या त्यांच्याकडेच आहेत.

उत्तर : ताई, चॅट पुसू नका. लाज वाटून पुरावा पुसून टाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि मग त्यांच्या बाजूने बोलायला हातात काहीच उरत नाही. तुम्ही जखम दाखवलीत, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

'फोटो तुम्हीच पाठवलेत' हा बचाव टिकणारा नाही. तुम्ही जखम कशी भरतेय ते डॉक्टरांनी बघावं म्हणून फोटो पाठवलेत. ती संमती उपचारापुरती. टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-इंटरनेटवरून सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली. त्यांत रुग्णाने स्वतःहून सल्ला मागितला तर संमती गृहीत धरली जाते, पण डॉक्टरांकडून सुरुवात झाली तर स्पष्ट संमती घ्यावी लागते. तुमच्या बाबतीत फोटो डॉक्टरांनी मागितले. तुम्ही 'हो, पाठवते' म्हणालात, ते तपासणीसाठी. जाहिरातीचा तिथे विषयच नव्हता. त्याच तत्त्वांमध्ये रुग्णाच्या खासगी छायाचित्रांचा गैरवापर, उदाहरणार्थ ती समाजमाध्यमांवर टाकणं, हे गैरवर्तन म्हटलं आहे.

चेहऱ्याचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण डॉक्टरांचा वकील इथेच भर देईल. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाची ओळख पटेल असे फोटो त्याच्या परवानगीशिवाय वैद्यकीय किंवा इतर नियतकालिकात छापू नयेत. ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. म्हणजे सवलत आहे. पण नियमात शब्द 'ओळख' आहे, 'चेहरा' नाही. नणंदेने डागावरून आणि चादरीवरून ओळखलं, तेव्हाच ओळख पटली. म्हणून तिला आजच चार ओळी लिहून द्यायला सांगा : पोस्ट कधी पाहिली, कशावरून ओळखलं. शिवाय ही सवलत नियतकालिकांसाठी आहे. दवाखान्याच्या पानावरचं 'आधी-नंतर' म्हणजे आपल्या शस्त्रक्रियेची जाहिरात, आणि आपण केलेल्या शस्त्रक्रियांची बढाई मारण्याला हेच नियम मनाई करतात. चेहरा असो वा नसो.

फोटोत स्तनाचा उघडा किंवा फक्त अंतर्वस्त्राने झाकलेला भाग दिसत असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लागू शकतं. संमतीशिवाय असं चित्र जाणूनबुजून प्रसिद्ध करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फक्त पट्टीच दिसत असेल तर हे कलम लावायचा आग्रह धरू नका. कमकुवत कलमाने बाकीची तक्रारही हलकी पडते. स्त्रीला खासगी क्षणी पाहण्याबद्दल किंवा तिचं चित्र काढण्याबद्दल असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चं एक स्पष्टीकरण मला फार मोलाचं वाटतं : स्त्रीने चित्र काढायला संमती दिली असली तरी ते इतरांपर्यंत पोहोचवायला दिली नसेल, तर पोहोचवणं हा गुन्हाच. तुमचा फोटो तुम्हीच काढलेला, त्यामुळे हे कलम थेट लागेल का यावर वाद होईल. पण त्यातलं तत्त्व तुमच्या बाजूचं आहे.

रिसेप्शनिस्टवर ढकलून डॉक्टर पूर्ण सुटत नाहीत. दुसऱ्या कुणामुळे गोपनीयता भंगली तर डॉक्टरला जबाबदार धरू नये, असं मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात. पण दुसऱ्यांच्या सेवा घेताना वाजवी काळजी त्याने घ्यायलाच हवी, हेही त्यांत आहे. रुग्णांचे फोटो येणारा फोन समोरच्या टेबलावर असतो आणि तो कुणीही उघडू शकतं, ही काळजी म्हणायची का, हे राज्याची वैद्यकीय परिषद ठरवेल.

आता करायचं काय. पोस्टचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात पानाचं नाव, तारीख आणि लिंक दिसली पाहिजे. फोन रीसेट करू नका, विकू नका; इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, तो पुरावा ज्या फोनमधला आहे त्याबद्दलचं प्रमाणपत्र लागतं. मग डॉक्टरांना पत्र लिहा : पोस्ट काढा, फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये गेले ते कळवा, त्या फोनमधून आणि त्यांच्या बॅकअपमधून पुसा. मात्र 'माझे सगळे फोटो नष्ट करा' असं लिहू नका. सल्ल्यासाठी आलेली चित्रं रुग्णाच्या नोंदीत जपणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, आणि उद्या गाठ पुन्हा आली तर ती तुम्हालाच लागतील. ती केसपेपरसोबत राहू द्या, गॅलरीत नकोत. त्याच पत्रात नोंदींची प्रत मागा. ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. ती मिळाली की दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वाट मोकळी होते.

तक्रार राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे करा. परिषद डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढू शकते, पण भरपाई देऊ शकत नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. पोलिसांत जायचं तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांसाठी वेगळा विभाग आहे. नव्या डेटा संरक्षण कायद्याचं नाव कुणी सुचवेल, पण त्यातला दंड सरकारजमा होतो, तुमच्या हाती काही येत नाही.

पुढे फोटो पाठवावे लागतीलच. रुग्णालयाचं स्वतःचं सुरक्षित अ‍ॅप असेल तर ते मागा. नसेल तर डॉक्टरांच्या स्वतःच्या नंबरवर पाठवा, आणि पहिल्याच फोटोखाली लिहा : 'फक्त माझ्या उपचारासाठी. इतर कुठेही वापरायला संमती नाही.' मागे साधा कोरा कपडा धरा, जखमेचा आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवा, कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. एकदाच बघता येणारा फोटो पाठवायचा मोह होईल, पण मागच्या आठवड्यातल्या जखमेशी ताडून बघायला डॉक्टरांकडे मग काहीच राहत नाही.

नणंदेचं निवेदन आणि स्क्रीनशॉट आजच्या आज तयार करा. डॉक्टरांना पत्र त्यानंतरच. पत्र मिळताच इन्स्टाग्रामवरची पोस्ट काढून टाकली जाईल.