बाबांची ट्रंक आईसमोर उघडा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील सेनेच्या सिग्नल्समधून (संदेशवहन दलातून) सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९६६ ला भरती, जबलपूरला ट्रेनिंग, १९७१ ला पूर्वेकडे होते, यापलीकडे त्यांच्या नोकरीचं आम्हाला फारसं माहीत नाही. मागच्या माघात ते गेले. वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी आठ-दहा पानांची पुस्तिका काढायची आहे. धाकटा भाऊ म्हणतो, लढाईवर लिहू. पण बाबा लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत. दर बुधवारी खजराना गणपतीला चालत जायचे, एकादशीला पंढरीनाथला. आरतीला सगळे टाळ्या वाजवत, हे मात्र सावधानमध्ये उभे. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. त्यांची काळी ट्रंक अजून उघडलेली नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, तिलक नगर, इंदूर

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आधी कपाटातून माझ्या बाबांचा मग काढला. पांढरा, इनॅमलचा, कडेला निळी रेघ, तळाशी टवका उडालेला. माझे बाबाही फौजी. ते गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात आम्ही त्यांची ट्रंक भंगारात दिली. घर लहान, धाकटीचं लग्न तोंडावर. आतली पत्रं ओल लागून चिकटली होती, म्हणून तीही गेली. उरला तो हा मग. तेव्हा उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

लढाई वगळू नका, पण तिला चार ओळी पुरेत. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू झालं आणि १६ तारखेला ढाक्याला शरणागती झाली, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. त्या दिवसांत तुमचे वडील काय करत होते, ते तिथे मिळणार नाही. सिग्नल्सचा जवान म्हणजे टेलिफोनची केबल टाकत जाणारा, ती तुटली की अंधारात हाताने चाचपत तुटलेलं टोक शोधणारा, नाहीतर रात्रभर कानाला हेडफोन लावून सेटवर बसणारा माणूस. काम चोख झालं की कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय सेटवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, ही तिथली पहिली शिस्त. एवढी वर्षं पाळलेली शिस्त पेन्शनवर आल्यावर सुटत नाही. त्यांच्या गप्प राहण्यावरून तुम्ही दोघं भाऊ उगाच काही तर्क लढवू नका.

आता ट्रंक. ती आईसमोर उघडा. दुपारी, घरात गडबड नसताना. डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) सापडलं तर भरतीपासूनची नोंद हाती येईल. मेडल्स सापडली तर पितांबरीने घासू नका, मऊ सुती कापडाने नुसती पुसा. मेडलच्या कडेवर त्यांचा नंबर आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, ते घासून घासून जातं. त्यांत ‘पूर्वी स्टार’ नावाचं पाच टोकांचं मेडल असेल तर पूर्वेकडच्या आघाडीची खूण पटली. पत्रांच्या लिफाफ्यावर गावाचं नाव नसेल, ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असेल. एपीओ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. ५६ ची डाक दिल्लीहून फिरायची, ९९ ची कोलकात्याहून. आकडे आणि तारखा लावून बघा, बाबा कोणत्या साली देशाच्या कोणत्या बाजूला होते याचा अंदाज घरबसल्या येईल.

पण मला खरं सांगायचंय ते आईबद्दल. बाबांच्या नोकरीतली किती वर्षं तिने त्यांच्याबरोबर काढली, हे तिला विचारलंत का? फील्डला (सीमेकडच्या नेमणुकीवर) फॅमिली नेता येत नाही. पीस पोस्टिंग (शांत ठाण्यावरची नेमणूक) मिळालं तरी क्वार्टरचा नंबर लागेपर्यंत थांबायचं. तेवढ्या काळात इंदूरचं घर, सासू-सासरे, तुमच्या फिया, तुमचे ताप तिने एकटीने काढले असणार. तुम्ही ज्याला बाबांचं आयुष्य म्हणताय, त्यातलं निम्मं आईजवळ आहे. तुमचा जन्म त्यांना कुणी कळवला? मनीऑर्डर उशिरा आली त्या महिन्यात किराणा कसा भरला? छुट्टीवर आले की पहिल्या दिवशी काय मागायचे? असं बारीकसारीक विचारा. ‘बाबांबद्दल सांग’ म्हणालात तर ती ‘देवमाणूस होते’ म्हणून डोळे पुसेल.

माझ्या आईला मी एकदाच विचारलं होतं, एकाहत्तरच्या डिसेंबरात तू काय करत होतीस? ती म्हणाली, शेजारच्यांच्या रेडिओवर बातम्या लागल्या की मी कणीक मळायला घ्यायची. बातम्या संपेपर्यंत हात थांबायचे नाहीत, कणीक सैल व्हायची, मग त्यात पुन्हा पीठ. त्या महिन्यात पीठ लवकर संपलं म्हणून आजीने विचारलंसुद्धा. पुढचं मी विचारलं नाही. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

आणि भक्तीबद्दल. ‘अत्यंत धार्मिक वृत्तीचे’ असं कृपा करून लिहू नका, दर दुसऱ्या श्रद्धांजलीत ते असतं. पलटणीत देवाचं वेगळं असतं. मंदिर परेड असते, तिला वेळेवर आणि नीटनेटकं जायचं. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे धर्मगुरू जेसीओच्या (जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या) हुद्द्यावर असतात, तेही फौजीच. पुष्कळ ठिकाणी सर्वधर्म स्थळ एकाच छपराखाली असतं. तिथे एवढी वर्षं उभा राहिलेला माणूस खजरान्यालाही सावधानमध्येच उभा राहणार. माझे बाबा पूजेला बसताना मनगटावरचं घड्याळ काढून देव्हाऱ्यासमोर ठेवायचे. त्यांनी तसं का केलं ते मला आज कळतंय असं वाटतं. देवाच्या ड्यूटीवर रिपोर्ट व्हायचे ते. तुमच्या पुस्तिकेचं पहिलं वाक्य तर तुम्ही मला पत्रातच पाठवलंय. आरतीला सगळे टाळ्या वाजवत, बाबा मात्र सावधानमध्ये उभे. तिथूनच सुरू करा.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात आईचं फौजी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचं आहे. काय लागेल?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आईचं आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. कागद ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत तिथून कसे चढवायचे ते दाखवतात. पीपीओमध्ये आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरशः जुळते का, ते आधी पाहा. ‘सुमन’ आणि ‘सुमनबाई’ एवढ्यावरून महिने जातात. जन्मतारखेचा हट्ट धरा, कारण ऐंशी पूर्ण झाली की मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते आणि तारीख चुकीची असेल तर तीच अडकते. दरवर्षी हयातीचा दाखला विसरू नका. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आईसाठी पुढे चालू राहतं, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

प्रश्न : आजोबा होळकरांच्या पायदळात होते. त्यांची नोंद मिळेल का?
– एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : प्रयत्न जरूर करा. होळकर संस्थानचं पायदळ भारतीय सेनेत आलं आणि कुमाऊँ रेजिमेंटची १५वी पलटण झालं. पलटणीच्या नावात ‘इंदूर’ आहे, हे आपल्या गावातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. रेजिमेंटचं केंद्र रानीखेतला आहे. आजोबांचं पूर्ण नाव, नंबर, हुद्दा आणि भरतीचं साल, जेवढं हाताशी असेल तेवढं लिहून तिथल्या अभिलेख कार्यालयाला रजिस्टर्ड पत्र पाठवा. नंबर माहीत नसेल तर जुन्या भांड्यांवर पाहा. आमच्या घरी तो बाबांच्या पितळी तांब्याच्या बुडाशी सापडला होता.