काळीज तळायचं की हृदय?

प्रश्न असा आहे: "एका पाककृतीचं मराठी करताना अडलो. मुळात यकृत आहे. मी 'काळीज' लिहिलं, तर वाचणारा म्हणाला, काळीज म्हणजे हृदय. काळजाचा ठोका चुकतो, तो काय यकृताचा? मग बरोबर काय? आणि काळीज, कलेजी हे दोन शब्द की एकच?"

तुम्हीही बरोबर आणि तुमचा वाचकही. शरीराचा अवयव म्हणून काळीज म्हणजे यकृतच. अमरकोशात 'कालखण्ड' आणि 'यकृत्' समानार्थी दिले आहेत. यकृतासाठी संस्कृतात 'कालेय' असाही शब्द आहे आणि मराठी काळीज त्याच घराण्यातलं. हिंदी कलेजा, कलेजी हेही तिथलेच, म्हणजे काळीज आणि कलेजी ही भावंडं. एक मराठीत वाढलं, दुसरं हिंदीतून मटणाच्या दुकानामार्गे आलं.

घोळ झाला तो वाक्प्रचारांत. धैर्य, माया, धास्ती यांचं घर पूर्वी यकृतात मानत. फारसीतही तेच: जिगर म्हणजे यकृत, आणि त्यावरून आपण जिगरबाज, जिगरी दोस्त म्हणतो. काळजाचं पाणी होणं, काळजाला घरं पडणं, उलट्या काळजाचा माणूस यांत अवयव कोणता याची कुणाला फिकीर नसते. पुढे भावनांचं बिऱ्हाड हृदयात हललं, शब्द मात्र जुनाच राहिला. 'काळजाचा ठोका' हा या स्थलांतराचा पुरावा, कारण यकृताला ठोके नसतात. 'काळजी' हा शब्दही याच काळजातून आलेला. चिंतेसाठी तो इतका मुरला आहे की त्यात अवयव दिसतही नाही.

आता पाककृतीचं. तिथे मी 'कलेजी' लिहीन. काळीज चुकीचं नाही, पण तुमच्या वाचकासारखा दुसरा कुणी हृदय घेऊन बसला तर पदार्थ बिघडेल. कलेजीवरचा पातळ पापुद्रा सोलून, साधारण २ सेंमीचे तुकडे करून मोठ्या आचेवर परतले की पाच-सात मिनिटांत काम होतं. तुकडा चिरून पाहावा, आत लाल द्रव राहिलेला नसावा. त्यापुढे रेंगाळली की ती चिवट आणि पिठूळ होते. हृदय म्हणजे घट्ट स्नायू. ते उभं चिरून आतल्या रक्ताच्या गाठी आणि पांढऱ्या नळ्या काढाव्या लागतात, आणि बकऱ्याचं असेल तर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास लागतो. कलेजीच्या वेळात ते चावलं जात नाही, हृदयाच्या वेळात कलेजीचा भुगा होतो. दुकानात हृदय हवं असेल तर 'दिल' म्हणावं, लगेच कळतं.

कोंबडीच्या बाबतीत 'कलेजी-पेठा' ही जोडी ऐकाल, कुठे 'पोटा' म्हणतात. पेठा म्हणजे धान्य दळणारी पिशवी. शास्त्रात तिला पेषणी म्हणतात, म्हणजे दळणारी. शब्द जोडीने येतात म्हणून दोन्ही एकदम कढईत टाकायचे नाहीत. पेठ्याच्या आतलं पिवळं अस्तर सोलून तो आधी वीसेक मिनिटं शिजवावा, कलेजी शेवटी घालावी. आणि कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फोडू नये. फुटली तर तेवढा हिरवा भाग कापून टाकावा, धुऊन कडूपणा जात नाही.

बाकी शब्दांतही हीच वाटणी दिसते: ताटात एक, रुग्णालयात दुसरा. गुर्दा हा फारसीतून आलेला. मराठीत तो खाण्याचा, माणसाचं मात्र मूत्रपिंड, किंवा सरळ किडनी. म्हणून हिंदीतल्या 'गुर्दे की पथरी'चं 'गुर्द्यातला दगड' केलं की भाषांतर उघडं पडतं. आपल्याकडे तो मूतखडा. (गुर्दा उभा चिरून आतला पांढरा गाभा काढला नाही तर वास राहतो, मसाला कितीही घाला.) भेजा आणि मेंदू यांचंही तसंच. फक्त 'भेजा खाऊ नकोस' म्हणताना आपण ताटातला शब्द जिवंत माणसाला लावतो, आणि गंमत अशी की क्रियापदही ताटातलंच.

प्लीहेला मराठीत पाणथरी हा सुंदर जुना शब्द आहे. हिवतापात पाणथरी वाढते, असं म्हणत. दुकानात तिला तिल्ली म्हणतात. ती कलेजीसारखीच गडद, पण चपटी आणि मऊ. कलेजीच्या ढिगात आली तर ओळखून वेगळी करावी, दोघींचा पोत वेगळा.

वजडीबद्दल विचारलं नाहीत, पण पुढे अडाल. वजडी म्हणजे केवळ आतडी नव्हे. जठराच्या पिशव्या आणि आतडी यांचा तो एकत्र शब्द. टॉवेलसारखा खरखरीत दिसणारा तुकडा जठराचा. वजरी, वझडी अशीही रूपं आहेत. एका लेखात एकच ठेवा म्हणजे झालं. 'आतडं' मात्र मायेच्या प्रांतात गेलं आहे: आतडं तुटतं, आतडी पिळवटतात.

या सगळ्यांना मिळून एक शब्द हवा असेल तर मराठीत तो रुळलेला नाही. 'अवयवमांस' छापील लेखात कळतं, पण तोंडी कुणी म्हणत नाही. 'अंतर्गत अवयव' म्हटलं की शवविच्छेदन आठवतं. 'कलेजी, गुर्दा, वजडी वगैरे' असं नावानिशी लिहिणं मला बरं वाटतं. चार शब्द जास्त लागतात, पण वाचणाऱ्याला काय आणायचं ते समजतं.

जाता जाता शुद्धलेखन. 'काळीज'मधला ळी दीर्घ, पण प्रत्यय लागला की ती ई जाते: काळजाला, काळजाचा. बेरीज-बेरजेला, लाकूड-लाकडाला तसंच. 'काळीजाचा' असं अनेक ठिकाणी छापलेलं दिसतं, ते चूक. काळीज नपुंसकलिंगी, कलेजी स्त्रीलिंगी. तेव्हा 'काळीज तळलं', पण 'कलेजी तळली'. पाककृतीत मध्येच शब्द बदललात तर क्रियापदंही तपासा.