शंखपट्टणला पैसा येतो कुठून?

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो. नोकरी सांभाळून एक कादंबरी लिहितो आहे. तिच्यात कोकण किनाऱ्यावरचं शंखपट्टण नावाचं काल्पनिक बंदर आहे, काळ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. मोत्यांच्या व्यापारावर शहर श्रीमंत होतं आणि शेवटी समुद्राची मोठी लाट येऊन बुडतं. मित्र म्हणतात, शहर खोटं वाटतं. पैशाची बाजू खरी कशी वाटेल? संदर्भासाठी कुठे जावं? (सोबत दोन प्रकरणं जोडली आहेत.)

उत्तर : मित्रांना चहा पाजा, ते खरं बोलले. दोन्ही प्रकरणं वाचली. गलबतांची शिडं आहेत, राजाचा मुकुट आहे, मोती तर ओंजळीओंजळीने आहेत. माल खाली आणणारा घाटरस्ता मात्र एकदाही येत नाही. माझी सगळी नोकरी द्राक्षांच्या कंटेनरची कागदपत्रं करण्यात गेली, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. न्हावाशेवाला बोट लागते हे खरं, पण तो धंदा सुरू होतो पिंपळगाव-ओझरच्या पॅकहाउसमध्ये. बंदर म्हणजे नुसतं दार. घरात काय आहे ते आधी ठरवा.

तुमच्या काळात घरात काय होतं, हे एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या माहितीपुस्तकात पैठणहून येणारे गोमेद-अकीकासारखे दगड आहेत, तेरहून (आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं) येणारं साधं कापड आणि मलमल आहे. हा माल गाड्यांवर लादून, वाईट रस्त्यांनी, गुजरातेतल्या भडोच बंदराला नेत. उलट दिशेने दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं येई. त्यातही इटलीच्या दारूला पहिली पसंती! राजासाठी चांदीची भांडी वेगळी. मोती ठेवायचे तर ठेवा, पण शहराचं पोट कापडावर भरू द्या. मोती चार सावकारांना पोसतात. कापडामागे पिंजारी, कोष्टी, रंगारी, गाडीवान, हमाल अशी अख्खी गल्ली जगते आणि तुम्हाला पात्रंही फुकट मिळतात.

आता संदर्भ. लांब जाऊ नका. तुमच्या नाशिकच्याच पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढा आणि दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत उभे राहा. दारांच्या वरच्या बाजूला भिंतीवर ब्राह्मी अक्षरं आहेत. तो क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याचा लेख. त्यात शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा आहे, भडोच आहे. दमण, तापी, डहाणू या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्याचं लिहिलं आहे. नदी ओलांडायचे पैसे वाचले की माल स्वस्त पडतो, हे त्या जावयाला कळत होतं. (आपल्याकडच्या टोलनाक्यांवर हे कोणीतरी कोरून ठेवायला हवं.)

पण तुमच्या कामाची ओळ दुसरीच आहे. उषवदाताने भिक्षुसंघासाठी 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. ठेवले कुठे? राजाच्या खजिन्यात नाही, तर गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघांकडे. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचं. एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे, असंही तिथेच आहे. आता हिशेब करा. 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले बारा, 240. पै न पै जुळते. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि दप्तरात नोंदवलं, हेही लेखातच आहे. दुसऱ्या एका ठिकाणी एका सुवर्णाला (सोन्याच्या नाण्याला) 35 कार्षापण असा दरही दिला आहे. विनिमयाचा दर दगडावर कोरणारी माणसं होती ती, आणि तुमच्या शंखपट्टणात सगळे ‘अमाप संपत्ती’ म्हणून मोकळे होतात.

कोष्ट्यांना ठेव कशाला हवी, याचं उत्तर हंगामात आहे. मिसरहून (इजिप्तहून) निघणारी जहाजं नैऋत्य वाऱ्यावर येत आणि डिसेंबर-जानेवारीत उलट्या वाऱ्यावर परतत. मधल्या थोड्या महिन्यांतच माल घाट उतरून धक्क्याला लागायला हवा. म्हणजे सूत घेणं, विणणं, मजुरी देणं हे सगळं पावसाळ्यात, हातात दमडी आली नसताना. तुमचा सावकार तिथे बसवा. राजा चार पानं मागे गेला तरी चालेल.

बंदराचं एक दृश्य जवळून हवं असेल तर हे घ्या : भडोचच्या खाडीत गाळ, उथळ जागा आणि भरतीचा जबरदस्त ओढा. परदेशी तांडेलाला वाट सापडत नसे. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन पार समुद्रात सामोरे जात आणि जहाजांना ओढून, भरतीची वेळ साधत, ठरलेल्या जागी आणून लावत. शंखपट्टणच्या कोळ्यांना पगार कोण देतो, ते लिहा. तिथे भांडण आहे.

राहिली लाट. ती काढून टाका. सोपाऱ्याला अशोकाचे शिलालेख सापडले, स्तूप सापडला, आणि आज तिथे गलबत लागेल असं पाणी नाही. खाडी गाळाने भरत गेली. कोणी मेलं नाही, फक्त धंदा दुसरीकडे गेला. त्याहून झटपट मरण हवं असेल तर कल्याण बघा. त्याच ‘पेरिप्लस’मध्ये आहे : कल्याण आधी रीतसर बाजारपेठ होती, मग नव्या सत्ताधीशाने तिथे अडवणूक सुरू केली आणि चुकून शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले. 2024 च्या हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून युरोपला जाणारी आपली द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून गेली. भाडं वाढलं, दिवस वाढले. न्हावाशेवात पाण्याचा थेंबही इकडचा तिकडे झाला नव्हता.

सत्ता बदलली की पैशाचं काय होतं, तेही इथेच सापडतं. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, 13,000 हून जास्त. त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला छाप मारला होता. जुना राजा वितळवलासुद्धा नाही, त्याच्याच तोंडावर ठोकला. हे नाणं तुमच्या सावकाराच्या हातात द्या आणि ते पारखून घ्यायला त्याला किती वेळ लागतो ते बघा.

मग शेवटच्या प्रकरणाचा पेच असा मांडता येईल. यंदा जहाजं शंखपट्टणला आलीच नाहीत, पहाऱ्यात दुसऱ्या बंदराला गेली. विणलेलं कापड कोष्ट्याच्या ओसरीवर पडून आहे. पावसाळा तोंडावर, आणि वीस भिक्षूंचे 240 कार्षापण ठरल्या दिवशी द्यायचेच आहेत, कारण ते दगडावर कोरलेलं आहे. श्रेणीचा मुख्य कोणाकडे हात पसरतो, ते तुम्ही लिहा. पुढची प्रकरणं पाठवा, वाचीन.