पडद्याचे माप आधी, चित्राचे नंतर

प्रश्न : आमचा गट सतार-तबल्याच्या मैफलीत मागच्या पडद्यावर दृश्ये दाखवतो. वादनाच्या लयीबरोबर मी ती लॅपटॉपवरून बदलतो, एकमेकांत मिसळतो. शाळेच्या सभागृहात जुना ४:३ (रुंदी : उंची) प्रोजेक्टर मिळतो, तर गणेशोत्सवात मंडळे एलईडी वॉल लावतात. आमच्या काही चित्रफिती ४:३ प्रमाणात, तर काही मोबाइलवर उभ्या घेतलेल्या आहेत. सर्व काही फोर-केमध्ये तयार केले तर दोन्हीकडे चालेल का?
– एक वाचक, मिरज (जि. सांगली)

उत्तर : फोर-केचा (३८४० × २१६० पिक्सेल) आग्रह आपण सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्राचे रिझोल्यूशन पडद्यावर प्रत्यक्ष किती पिक्सेल आहेत यावरून ठरवावे, कॅमेऱ्यावरून नव्हे. वॉलमध्ये ५०० मिलिमीटर लांबी-रुंदीची, ३.९१ पिचची (म्हणजे लगतच्या दोन पिक्सेलमध्ये ३.९१ मिलिमीटर अंतर असलेली) पॅनेल असतील, तर प्रत्येकावर १२८ × १२८ पिक्सेल असतात. अशी ८ पॅनेल आडवी आणि ४ उभी जोडली की ४ मीटर रुंद व २ मीटर उंच वॉल होते, आणि तिच्यात अवघे १०२४ × ५१२ पिक्सेल असतात. फोर-केच्या एका फ्रेममध्ये मात्र ८२,९४,४०० पिक्सेल असतात. त्यांतील बहुतेक वॉलपर्यंत पोहोचतच नाहीत, पण ते उलगडण्याचा भार लॅपटॉपवर पडतो आणि दोन-तीन थर मिसळताना चित्र अडखळते. सतारीवरचा ‘झाला’ (वादनाचा शेवटचा द्रुत भाग) रंगात आलेला असताना पडद्यावरची हालचाल अडखळणे हे किंचित धूसर चित्रापेक्षा कितीतरी अधिक खटकते.

म्हणून मूळ चित्रफिती १२८० × ७२० मध्ये कराव्यात आणि महत्त्वाचा भाग मधल्या ९६० × ६४० च्या चौकटीत राहील अशी रचना ठेवावी. २:१ वॉलसाठी वरखाली ४०-४० ओळी कापल्या, किंवा ४:३ प्रोजेक्टरसाठी दोन्ही बाजूंनी १६०-१६० पिक्सेल कापले, तरी वादकाचा हात कापला जाणार नाही. न कापता १०२४ × ७६८ च्या प्रोजेक्टरवर दाखवल्यास चित्र १०२४ × ५७६ इतकेच उमटते आणि वरखाली काळ्या पट्ट्या राहतात. प्रोजेक्टरचा काळा रंग पूर्ण काळा नसल्याने अंधाऱ्या सभागृहात त्या राखाडी दिसतात.

जुन्या ४:३ चित्रफिती ताणून रुंद करू नयेत. तबल्याचे तोंड लंबगोल झालेले रसिकांना लगेच कळते. मोबाइलच्या उभ्या चित्रफिती मात्र टाकाऊ समजू नका. ७२० उंचीला त्या प्रत्येकी ४०५ पिक्सेल रुंद होतात, त्यामुळे तीन शेजारी ठेवल्या की १२८० ची रुंदी जवळजवळ भरते, आणि सतारीच्या लांब दांडीला ती उभी चौकट फार शोभते.

फाइलच्या प्रकाराकडेही लक्ष द्यावे. एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारामध्ये बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमशी असलेल्या फरकाच्या रूपात साठवलेल्या असतात, त्यामुळे मध्येच उडी मारणे जड जाते. हॅप किंवा डीएक्सव्ही या व्हिडिओ प्रकारांमध्ये मात्र प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते व ती ग्राफिक्स कार्ड उलगडते. या फाइल बऱ्याच मोठ्या होतात, तेव्हा एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) वापरावी.

कार्यक्रमाच्या दिवशी पूर्ण वर्तुळाचे एक चित्र पडद्यावर लावून ते टेपने आडवे व उभे मोजावे. दोन्ही मापे सारखी आली नाहीत, तर प्रोजेक्टरच्या मेनूतील गुणोत्तर किंवा वॉलच्या प्रोसेसरमधील स्केलिंग (चित्र लहान-मोठे करण्याची सेटिंग) वादक मंचावर बसण्यापूर्वीच बदलून घ्यावे.