एसओपी बाबांनी लिहिला, मग शिकणार कोण?

प्रश्न : माझी मुलगी मुंबईत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय मानसशास्त्र, आतापर्यंत ६८ टक्के. तिला भाषाविज्ञानात पुढे जायचंय. मी चौकशी केली तेव्हा नेदरलँड्समधल्या नायमेखेनला भाषा आणि कम्युनिकेशनचं रिसर्च मास्टर्स असल्याचं कळलं. साध्या एम.ए.पेक्षा ते वरच्या दर्जाचं, शिवाय कम्युनिकेशन असल्यामुळे उद्या एखाद्या चॅनेलमध्येही लागता येईल. घर तारण ठेवून ३५ लाखांचं कर्ज काढायची तयारी आहे. प्रवेश अर्जासोबत विद्यार्थ्याने स्वतःबद्दल आणि आपल्या उद्देशाबद्दल जे लिहायचं असतं, तो एसओपी मी लिहिलाय, तपासून द्यावा. अडचण एवढीच की मुलगी यात लक्ष घालत नाही. सुट्टी मिळाली की वसईला आजीकडे जाते आणि तिचं गावठी कादोडी बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करत बसते. तिला समजवा. – एक वडील, बोरिवली

उत्तर : सप्रेम नमस्कार. एसओपी वाचला. इंग्रजी छान आहे. लहानपणापासूनची भाषेची ओढ, जागतिकीकरण, भारताची विविधता, सगळं आलंय. तुमची मुलगी मात्र त्यात कुठेच नाही. म्हणून तो मी तपासणार नाही.

६८ टक्क्यांची काळजी मला वाटत नाही. मला काळजी वाटते ती तारण ठेवायच्या घराची. तुमची माया खरी आहे, यात शंका नाही. पण संशोधनात गोष्टी फसतात, आणि त्या फसायलाच हव्यात. सहा-सहा महिने गोळा केलेल्या माहितीतून काहीही निघत नाही, मूळ प्रश्नच चुकीचा होता हे उशिरा कळतं, आणि गाईड शांतपणे सांगतात, आता नव्याने विचार कर. हे पचवायला डोकं मोकळं लागतं. बाबांनी राहतं घर बँकेकडे ठेवलंय आणि हप्ता किती बसणार, हे जिला पाठ आहे, ती मुलगी असा धोका पत्करत नाही. ती सोपा, लवकर आटपणारा विषय निवडते आणि फोनवर ‘मस्त चाललंय’ म्हणते. अशी मुलं परत आल्यावर माझ्याकडे येतात. आईबाबांना यातलं काही सांगू नका, हे त्यांचं पहिलं वाक्य असतं.

मुलगी लक्ष घालत नाही म्हणता. कशात घालणार? देश तुम्ही निवडलात, विद्यापीठ तुम्ही निवडलंत, तिच्या मनात काय आहे तेही तुम्हीच लिहून काढलंत.

आता तुमचा मोठा गैरसमज. रिसर्च मास्टर्स म्हणजे एम.ए.ची महागडी, वरच्या मजल्यावरची आवृत्ती नव्हे. नेदरलँड्समध्ये मानव्यविद्येतलं साधं मास्टर्स बहुधा एका वर्षाचं, ६० क्रेडिट्सचं असतं. रिसर्च मास्टर्स दोन वर्षांचं, १२० क्रेडिट्सचं. जास्तीचा वेळ संख्याशास्त्र, प्रयोगांची आखणी आणि मोठा प्रबंध यांत जातो, कारण हा अभ्यासक्रम पुढे पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी आहे. आणि त्यातलं कम्युनिकेशन चॅनेलवालं नव्हे. एक नमुना देतो. गप्पा मारताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे जगातल्या दहा भाषांत मोजून २००९मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. तोंडात शब्द तयार व्हायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो (घरोघरी हे दिसतंच म्हणा). ज्याला अशा प्रश्नांनी झोप लागत नाही, त्याने तिथे जावं. चॅनेलमध्ये जायचं असेल तर हा फार लांबचा आणि चुकीचा रस्ता आहे.

तुम्ही ज्याला वेळ घालवणं म्हणता, त्याकडे आता वळू. कादोडी ही वसईतल्या सामवेदी समाजाची बोली. हिंदू घरांत बोलली जाते, ख्रिस्ती घरांतही. तिच्यावर काम करायला आजीइतकी योग्य व्यक्ती तुम्हाला नायमेखेनमध्ये मिळणार नाही. गंमत बघा, त्याच नायमेखेनमध्ये मॅक्स प्लांक संस्थेचं मनोभाषाविज्ञानाचं केंद्र आहे आणि अशी रेकॉर्डिंग्ज ऐकून वाक्यागणिक टिपायचं ‘इलान’ हे मोफत सॉफ्टवेअर तिथेच तयार झालंय. आवाजाचं विश्लेषण करायचं ‘प्राट’ ॲमस्टरडॅम विद्यापीठातलं, तेही फुकट. मुलीला दोन्ही उतरवून घेऊ दे. आजीची परवानगी घ्यावी, प्रत्येक फाइलला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं वय लिहावं, मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या प्रकारात ठेवावी. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला आवाज दबतो, तो विश्लेषणाला नीट चालत नाही. मग तिला विचारा, आजी आणि तू एकच गोष्ट सांगता तेव्हा काय बदलतं? त्यावर ती अर्धा तास बोलली, तर एसओपीचा विषय तिला सापडला.

यंदा परदेश नको, असं माझं स्पष्ट मत आहे. भाषाविज्ञान एकही वर्ष न शिकता दोन वर्षांच्या संशोधनाच्या अभ्यासक्रमाला उडी मारण्यात अर्थ नाही. मुंबई विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग कलिन्याला आहे. बोरिवलीहून लोकलने सांताक्रूझ, पुढे बस किंवा रिक्षा. पुण्याला राहायची तयारी असेल तर डेक्कन कॉलेज. मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचं काम तिथे झालंय, त्यामुळे कादोडीचं नाव काढल्यावर कुणी गावठी म्हणणार नाही. मानसशास्त्र आणि त्यातलं संख्याशास्त्र या विषयात फार उपयोगी पडतं, हेही तिच्या कानावर घाला. एम.ए.नंतर प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची ‘नेट’ परीक्षा आहेच. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार रुपये, २०२३पासूनचा दर. भाषा तंत्रज्ञानाकडे कल झाला तर पवईच्या आयआयटीत भारतीय भाषांवर संगणकीय काम चालतं, तेही पाहून यावं.

एम.ए.नंतरही नायमेखेन खुणावत असेल तर खुशाल जा म्हणावं. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो, साधारण चार वर्षांसाठी. जागा थोड्या आणि चुरस मोठी, पण त्यासाठी कुणाचं घर गहाण पडत नाही.

बँकेत कर्जाचे कागद दिले असतील तर या आठवड्यात मागे घ्या. आणि पुढचं पत्र तुमच्या मुलीचं येऊ द्या, मराठीतच, तुम्ही न वाचलेलं.