नव्या सुरीच्या धारेचे टवके का उडतात?

लहान घरगुती कारखान्यातली कार्बन पोलादाची सुरी, महिन्यात धारेचे टवके, म्हणून पोलाद हलकं? बहुतेकदा नाही. गडबड पाणी देण्यात, म्हणजे पातं तापवून-विझवून कडक करण्यात असते.

साधारण ०.८ टक्के कार्बनचं पातं ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून (चुंबक चिकटेनासा होतो, त्याच्या जरा पुढे) तेलात विझवतात. त्या क्षणी ते काचेइतकं ठिसूळ असतं. मग तो ठिसूळपणा उतरवायला लगेच भट्टीत २०० अंशांवर दोनेक तास ठेवावं लागतं; घाईत नेमकं हेच उरकतात.

हाडं तोडत असाल तर मात्र दोष तुमचा. दर बाजूला १० अंशांच्या कोनाची धार तिथे टिकत नाही, २० करून घ्या.

धारेजवळ निळसर डाग? मग उलटा प्रकार: धार लावायच्या ग्राइंडरवर तापून पोलाद मऊ पडलंय. तिथे टवका उडत नाही, धार वळते.