'स्किझोअफेक्टिव्ह'ला 'दुभंग व्यक्तिमत्त्व' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: भावाच्या केसपेपरवर 'स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर' लिहिलंय. मराठीत सांगताना 'दुभंग व्यक्तिमत्त्व' म्हटलं तर चालेल का?

नाही, कृपया म्हणू नका. एकाच माणसात दोन-तीन वेगळ्या ओळखी नांदणं हा सर्वस्वी निराळा विकार आहे. घोटाळा होतो तो 'स्किझो'मुळे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दुभंगणं, पण 1908 मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द वापरला तो विचार, भावना, वर्तन यांची आपसात होणारी ताटातूट दाखवायला. त्यालाच आपण 'छिन्नमनस्कता' म्हणतो. 'अफेक्टिव्ह' म्हणजे भावस्थितीचा, मूडचा. या दोन्हींची जोडी 1933 मध्ये मनोविकारतज्ज्ञ जेकब कसानिन यांनी लावली.

मी 'छिन्नमनस्क-भावविकार' लिहीन. 'भावनिक छिन्नमनस्कता' नको, कारण 'भावनिक' म्हटलं की हळवा स्वभाव डोळ्यांपुढे येतो.

आता आजाराकडे. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं हा भास. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, ही कितीही समजावलं तरी न हलणारी खात्री म्हणजे भ्रम. एरवी आपण दोन्हींची सरमिसळ करतो. इथे ती करू नये. जोडीला खोल नैराश्य असतं किंवा उन्माद: झोप जेमतेम, तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा वाटेल तसा उधळला जातो.

पण तीव्र नैराश्यात भास होतात, बायपोलरमध्येही (नैराश्य आणि उन्माद यांच्या फेऱ्यांचा आजार) होतात. मग वेगळं नाव कशाला? सगळी मेख काळात आहे. डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमपुस्तिकेप्रमाणे मूड सावरलेला असतानाही भास किंवा भ्रम किमान 2 आठवडे टिकलेले असावे लागतात, आणि आजाराच्या एकूण काळात बहुतांश वेळ मूडची लक्षणंही असावी लागतात. हे एका भेटीत कसं कळणार? म्हणून आधी बायपोलर लिहिलं आणि नंतर निदान बदललं, तर लगेच डॉक्टरांना दोष देऊ नका. आवाज कधी सुरू झाले, झोप कधी उडाली, याच्या तारखा घरच्यांनी टिपल्या तर त्यांना खरोखर मदत होते.

'तो स्किझो आहे' असं मात्र म्हणू नये. 'त्याला हा आजार आहे' म्हणावं. जपानने तर 2002 मध्ये छिन्नमनस्कतेचं जुनं, 'मन फाटण्याचा रोग' अशा अर्थाचं नावच बदललं.

केसपेपरवर पुढे 'बायपोलर टाइप' किंवा 'डिप्रेसिव्ह टाइप' लिहिलंय का, तेवढं पाहा. पहिल्यात उन्मादाचे झटके येतात, दुसऱ्यात फक्त नैराश्याचे, आणि त्यानुसार औषधंही बदलतात.